मोरीपलीकडचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून दिला होता : 'अमेरिकेत मी काय पाहिले'. पत्रिकेवर तोच छापला आहे. तेव्हा उंच इमारती, मोठमोठी दुकाने, बर्फ असे काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने आपण आला असाल. मी त्यांपैकी फारसे काही पाहिलेच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी गेले आणि मार्चमध्ये परत आले. बाळंतपणाला गेलेली आई जगाच्या पाठीवर कोठेही गेली तरी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वाळत घातलेली दुपटी एवढेच पाहते, हे आपणांस मी सांगावयास नको. पण तेथे एक गोष्ट मी अशी पाहिली की ती आपल्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. ती म्हणजे एका गावाचे गटार. हळदीकुंकवाच्या दिवशी, हाताला अत्तराचा वास असताना, मी गटाराविषयी बोलणार आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. शेवटी मला एक कबुलीही द्यावयाची आहे. ती या मंडळापुढेच द्यावयास हवी, म्हणून मी होकार दिला.

त्या गावाचे नाव आर्केटा. कॅलिफोर्निया संस्थानाच्या अगदी उत्तरेकडे, सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, हंबोल्ट नावाच्या खाडीच्या काठी ते वसले आहे. वस्ती एकोणीस हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या गावाहून लहानच. मागे रेडवुडच्या उंच वृक्षांचे डोंगर, पुढे खाडी, आणि वर बहुधा धुके. तेथे एक विद्यापीठ आहे. त्याला पूर्वी हंबोल्ट स्टेट म्हणत, २०२२ पासून कॅल पॉली हंबोल्ट म्हणतात. माझे जावई तेथे नोकरीला आहेत.

नात सव्वा महिन्याची झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आता हिला थोडी हवेवर ने." पाऊस उघडला की मी बाळाला गाडीत घालून खाडीच्या काठी नेऊ लागले. तेथे मोठमोठी तळी आहेत, त्यांच्यामधून मातीचे बांध आहेत आणि बांधांवरून चालावयाच्या पायवाटा आहेत. पाण्यात आपल्या पाणकणसासारखी उंच झाडे दाट माजलेली. ती पाणकणसाचीच भावंडे आहेत असे मला पुढे कळले. आणि पक्षी तरी किती! पांढरे बगळे ध्यानस्थ उभे. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पक्षी तर झुंडीने पोहत होते. आपल्याकडे याच जातकुळीच्या पक्ष्याला चांदवा म्हणतात, कोठे कोठे वारकरीही म्हणतात. परक्या देशात तो टिळा पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. एकदा तर एक पाणमांजर तोंडात मासा धरून बांध ओलांडून गेले. मी रोज तेथल्या बाकावर बसून डब्यातले थालीपीठ खात असे आणि मनात म्हणे, या लोकांनी केवढे सुंदर सरोवर जपले आहे!

एका शनिवारी तेथे काही माणसे जमली होती. पिकल्या केसांच्या एक बाई त्यांना माहिती सांगत होत्या. आर्केटाच्या पाणथळीचे मित्र अशा अर्थाच्या नावाची एक संस्था गावात आहे. तिचे सभासद हे काम विनावेतन करतात. माझी गाडी पाहून बाई थांबल्या, बाळाचे कौतुक केले आणि विचारले, "आपण याच गावात राहता का?" मी म्हटले, "मुलीकडे आले आहे." त्या हसून म्हणाल्या, "मग या तळ्यात आपलेही पाणी आहे."

मला वाटले, माझे इंग्रजी कमी पडले. मी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितले. गावातल्या प्रत्येक घराचे स्नानाचे, भांड्यांचे, कपड्यांचे आणि शौचकूपाचेही पाणी नळांतून पलीकडच्या केंद्रात येते, आणि तेथे शुद्ध होत होत ते या तळ्यांतून खाडीत जाते. मैत्रिणींनो, खरे सांगते, थालीपीठ माझ्या घशाशी आले. सोवळ्याओवळ्याच्या घरात मी वाढले. इतके दिवस ज्या पाण्याकडे बघत मी जेवले ते गावाचे मैलापाणी होते! मी नाकाला पदर लावला. पण लावण्यासारखा वास तेथे काही नव्हता. मग माझी मलाच शरम वाटली, आणि दुसरा विचार आला तो असा : रोज सकाळी मी नातीला डाळीचे पीठ आणि हळद लावून न्हाऊ घालते ते पाणी मोरीतून जाते कोठे, हे मी कधी विचारलेच नव्हते. तेथेही नाही आणि येथेही नाही. त्या दिवसापासून मी विचारू लागले. जावयांनी पुस्तके आणून दिली, त्या बाईंनी पुन्हा दोनदा सारे केंद्र दाखविले. जे समजले ते सांगते.

हंबोल्टची खाडी म्हणजे नाजूक जागा. भरतीओहोटीच्या चिखलात असंख्य लहान जीव वाढतात, त्यांवर समुद्रकाठचे पक्षी जगतात. उत्तरेकडून दक्षिणेस जाणारे पक्षी येथे उतरून पोट भरतात. शिंपल्यांतल्या कालवांची शेतीही येथेच चालते. कॅलिफोर्नियातील बहुतेक कालवे याच खाडीतून येतात. कालव पाणी गाळून जगतो. पाणी घाण झाले तर तीच घाण त्याच्या अंगात आणि पुढे खाणाऱ्याच्या पोटात जाते. या खाडीचे मूळचे रहिवासी वियोत नावाचे लोक. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना हुसकून लावले, काठच्या दलदलीला बांध घालून कुरणे केली, लाकडाच्या वखारी उभ्या केल्या, आणि पुढे तेथेच गावाचा उकिरडा झाला. मैलापाणीही खाडीतच. १९४९ साली गाळ खाली बसविण्याचे पहिले केंद्र झाले, नंतरच्या दहा वर्षांत मोठी तळी खोदली. तरी पाणी पुरते शुद्ध होत नव्हते.

अमेरिकेत १९७२ साली पाण्याच्या शुद्धतेचा मोठा कायदा झाला, आणि १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सरकारने फर्मान काढले की, बंदिस्त खाड्यांमध्ये मैलापाणी सोडावयाचे नाही. त्यावर वरिष्ठांनी योजना आखली : खाडीकाठच्या सर्व गावांचे पाणी मोठ्या नळातून खाडीखालून पलीकडे न्यावयाचे, एक भले मोठे केंद्र बांधावयाचे आणि ते पाणी समुद्रात सोडावयाचे. खर्चाचा अंदाज चढत चढत पाच कोटी डॉलरांच्या पुढे गेला. पुष्कळांना ही योजना पसंत होती. समुद्र मोठा आहे, घाण एकदा तेथे गेली की आपल्या डोळ्यांआड झाली!

आर्केटाच्या लोकांनी मात्र आडमुठेपणा केला, आणि तो चांगल्या कामी आला. सरकारच्या त्या फर्मानात एक फट होती. सोडलेल्या पाण्याने खाडीचे भलेच होते असे जो सिद्ध करील त्याला परवानगी मिळणार होती. विद्यापीठात जॉर्ज ॲलन नावाचे मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शुद्ध केलेले सांडपाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून त्यात ते साल्मन माशांची पिल्ले वाढवीत होते. पिल्ले जगत होती, वाढत होती. जे पाणी आपण विष समजतो त्यात अन्नही असते, हे त्यांना दिसत होते. त्यांच्या जोडीला रॉबर्ट गिअरहार्ट हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक, गावाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख फ्रँक क्लॉप आणि नगरसभेचे सभासद डॅन हाउझर असे मिळाले. त्यांनी म्हटले, आमचे पाणी आम्ही लांब पाठवीत नाही. आम्ही आमच्याच उकिरड्याच्या आणि वखारीच्या जागेवर पाणथळ तयार करतो, पाणी तिच्यातून फिरवितो आणि मग तपासून पाहा.

वरिष्ठांचा विश्वास बसेना. तेव्हा १९७९ पासून तीन वर्षे लहान लहान वाफे करून त्यांत पाणकणीस, लव्हाळ्याच्या जातीची उंच झाडे इत्यादी लावून, किती पाणी सोडले, ते किती दिवसांत बाहेर आले आणि किती स्वच्छ झाले, याची मोजमापे ठेवण्यात आली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पाण्याचे नमुने घेत होते. १९८१ साली वन्यजीवांसाठी राखलेली जागा लोकांना खुली झाली, १९८३ साली सरकारची परवानगी मिळाली, आणि १९८६ साली सारी व्यवस्था सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने या कामाला पारितोषिक दिले. त्या चौघा जणांची नावे आज तेथल्या तळ्यांना आणि पाणथळींना आहेत. मैलापाण्याच्या डबक्याला आपले नाव देतो म्हटले तर आपल्याकडचा पुढारी रागावेल! तेथे तो मान समजतात. ज्या उकिरड्यावर माती घालून टेकडी केली तिच्यावरून गावकरी सूर्यास्त पाहतात.

आता हे केंद्र चालते कसे ते पाहू. घाबरू नका, यात आपल्या स्वयंपाकघरात नाही असे फार थोडे आहे. प्रथम पाणी जाळीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिक, मुलांचे लंगोट असे जे मोरीत जावयास नको होते ते तेथे अडते. वाळू खाली बसते. मग पाणी मोठ्या हौदांत संथ ठेवतात. डाळ धुतल्यावर पाणी जरा स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो, तसेच. तो गाळ वेगळा काढून बंद टाक्यांत कुजवितात. गोबर गॅससारखा त्यातून वायू निघतो. राहिलेले पाणी उघड्या विस्तीर्ण तळ्यांत जाते. तेथे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जंतू पाण्यातली घाण खातात. आपण जंतू म्हटले की रोगाचे समजतो. पण दही लावणारेही जंतूच, हे विसरतो. या कामाला घाई चालत नाही. पाणी तेथे दिवसांमागून दिवस मुक्काम करते.

तळ्यातून बाहेर पडणारे पाणी शेवाळाने हिरवे असते. ते पाणकणसांच्या दाटीत सोडतात. येथे झाडे दुहेरी काम करतात. त्यांच्या सावलीत शेवाळ वाढत नाही, मरून खाली बसते. आणि पाण्याखालच्या त्यांच्या दांड्यांवर बुळबुळीत थर धरतो, त्यात कोट्यवधी जंतू बसलेले असतात. पाणी दांड्यादांड्यांमधून वाट काढते आणि वाटेत राहिलेली घाण त्यांच्या हवाली करते. मग उरलेल्या रोगजंतूंचा नाश करावयाचा. यासाठी तेथे पूर्वापार क्लोरीन वापरीत आले. क्लोरीन माशांनाही मारक असतो, म्हणून पाणी खाडीत सोडण्यापूर्वी तो पुन्हा काढून टाकावा लागतो. अलीकडे क्लोरीनऐवजी अतिनील किरण वापरण्याकडे गावाने पावले टाकली आहेत. मी ज्या पाणथळींच्या काठी बसत होते त्यांतून इतकी वर्षे हे जवळजवळ शुद्ध झालेले पाणी फिरविले गेले, आणि तेथेच बगळे, बदके आणि पाणमांजरे राहावयास आली. आजवर तेथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी पाहिले गेले आहेत. त्यांना कोणी आमंत्रण दिले नव्हते. पाणी बरे झाले, आडोसा मिळाला, ते आपण होऊन आले.

हे सारे समजून घेताना मला माझ्या आजोळची आठवण होत होती. वाड्याच्या परसात मोरीचे पाणी जेथे पडे तेथे आजीने अळू लावले होते, पुढे कर्दळीचा ताटवा होता, आणि शेवटी दोन केळी. मोरीतून निघालेले पाणी केळीच्या पलीकडे कधी दिसत नसे. आजी अक्षरशत्रू होती. पण पाणी घराबाहेर ढकलून दिले म्हणजे संपत नाही, कोणी तरी ते घेतले पाहिजे, हे तिला ठाऊक होते. आज अभियंते सांडपाण्याच्या वाफ्यांत मुद्दाम कर्दळ लावतात. पुढे वाड्यात सिमेंटची मोरी झाली, परसावर खोल्या चढल्या, आणि पाणी नळातून जाऊ लागले. कोठे जाते हे विचारण्याचे कारण उरले नाही.

आर्केटाचे सारेच गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. इतके मोठे जमिनीचे क्षेत्र प्रत्येक गावाला मिळणार नाही. सारी पाणथळ आणि राखीव जागा मिळून ती तीनशे एकरांवर आहे. पावसाळ्यात जुन्या नळांतून पावसाचे पाणी शिरते आणि केंद्रावर ताण पडतो. इमारती, पंप जुने होतात, त्यांना पैसा लागतो. आणि सर्वांत मोठे संकट समुद्राचे. जग तापत चालल्याने समुद्र चढतो आहे, आणि या खाडीच्या काठची जमीनही खचते आहे. म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाणी सर्वांत वेगाने वर येते ते येथेच. ज्या खाडीला हे केंद्र राखते तीच उद्या बांध ओलांडून आत येईल अशी भीती आहे. बांध उंच करावे की केंद्र मागे सरकवावे, याची चर्चा गावात चालते. ती ऐकावयास साधी गृहिणीही सभेला जाऊन बसते. मला त्या तळ्यांहूनही हे अधिक मोलाचे वाटले. आपले पाणी कोठे जाते हे त्या गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

आता माझी कबुली.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना २०१७ चा पावसाळा आठवत असेल. आपल्या आळीमागचे गटार तुंबून पाणी अंगणांत आले होते. मुलांना जुलाब झाले, डासांनी उच्छाद मांडला. तेव्हा मंडळाने अर्ज केला. त्यावर एकशे बारा सह्या होत्या. तो अर्ज मी लिहिला. माझे अक्षर बरे म्हणून मलाच सांगितले होते. त्यातले वाक्य मला अजून पाठ आहे : 'सदर गटाराचे पाणी वस्तीपासून दूर, तळ्याच्या बाजूस वळवावे, ही विनंती.' आपला अर्ज मंजूर झाला. आळीमागे फरशी बसली, पाणी दिसेनासे झाले. आपण येथेच पेढे वाटले आणि त्या वर्षीच्या अहवालात 'मंडळाचे भरीव कार्य' म्हणून त्याची नोंद केली. ते वाक्यही माझेच.

अमेरिकेहून परत आल्यावर एके दिवशी मी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्या तळ्यांचे वर्णन करून सांगत होते. त्या तळ्याकाठच्या वस्तीत राहतात. हातातले काम न थांबविता त्या म्हणाल्या, "बाई, तिथल्या लोकांनी पाणी धुऊन सोडलं. तुमच्या मोरीचं पाणी तर तसंच आमच्या दारात येतंय. आमच्या आडाचं पाणी सहा वरसं झाली, आमी पीत न्हाई."

मी काही बोलू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेले. लहानपणी जेथे आपण कमळे पाहिली तेथे जलपर्णीचा हिरवा गालिचा अंथरला आहे. काठाला काळा चिखल. आडाच्या काठावर दगड ठेवून तो झाकला आहे. त्या वस्तीतल्या बायका आपला हंडा भरण्यासाठी अर्धा मैल चालतात. आपल्या अंगणातली घाण मी सुवाच्य अक्षरात त्यांच्या अंगणात पाठविली होती. आपण एकशे बारा जणींनी सह्या केल्या. त्या वस्तीतली एकही बाई आपल्या मंडळाची सभासद नव्हती, म्हणून तिला कोणी विचारले नाही.

आणि पाणी तेथेही थांबत नाही. तळ्याचा सांडवा ओढ्याला मिळतो, ओढा कादवेला मिळतो, आणि कादवा नांदूर मधमेश्वरापाशी गोदावरीला मिळते. तेथे इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साठून पाणथळ तयार झाली आहे. महत्त्वाच्या पाणथळींसाठी १९७१ साली इराणातील रामसर या गावी राष्ट्रांचा करार झाला. त्याच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणजे हे नांदूर मधमेश्वर. २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले तेव्हा आपण वर्तमानपत्रात वाचून अभिमान बाळगला. त्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहलही तेथे गेली होती. दुर्बिणीतून आपण थापट्या बदके पाहिली, तलवार बदके पाहिली. आर्केटाच्या तळ्यांत मी पाहिली ती बदके याच जातींची. तेथे गावाने धुतलेल्या पाण्यात ती पोहत होती. येथे ती ज्या पाण्यात उतरतात त्यात आपल्या आळीची मोरीही आहे. किती आहे, थोडी की फार, हा हिशेब अभियंत्यांनी करावा. पण ती आहे, आणि ती माझ्या अर्जाने वळविली आहे.

तेव्हा या वर्धापनदिनी मी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

पहिली, नवा अर्ज. तो मी लिहून आणला आहे. त्यात मागणे एवढेच की, पाणी तळ्यात पडण्यापूर्वी शुद्ध करण्याची व्यवस्था व्हावी. तळ्याच्या वरच्या अंगाला गावकीची पडीक जमीन आहे. तेथे आधी गाळ बसविण्याचे हौद आणि पुढे झाडांचे वाफे होऊ शकतील की नाही, हे जाणत्या अभियंत्यांकडून तपासून घ्यावे. दुसरे काही योग्य वाटले तर ते करावे. आर्केटाची नक्कल करावयाची नाही. त्यांनीही तीन वर्षे मोजमापे केली, मगच मोठे काम केले. या अर्जावर पहिली सही तळ्याकाठच्या भगिनींची असावी, त्यांच्यानंतर आपली. मी त्यांना विचारून आले आहे. त्यांपैकी चौघी आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना पुढे बसवावे अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे.

दुसरी गोष्ट आपल्या या सभागृहाची. येथे कार्यक्रम झाला की शेपन्नास पेले आणि बश्या धुतल्या जातात, ते पाणी मागच्या गटारात जाते. मागे पंधरा फूट लांबीची मोकळी जागा आहे. तेथे चर खणून त्यात खडी घालावी आणि कर्दळ, अळू लावावे. फक्त धुण्याभांड्यांचे पाणी त्यात घ्यावयाचे, शौचकूपाचे मुळीच नाही. आणि पाणी उघडे साचू द्यावयाचे नाही, नाही तर डासांची पैदास होईल. हल्लीच्या साबणांत काय काय असते ते पाहता, तेथले अळू आपण भाजीसाठी काढू नये. ते पाण्यासाठी असू द्यावे.

तिसरी गोष्ट ज्याच्या त्याच्या घरातली आहे आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही. तळणीचे उरलेले तेल, औषधांच्या शिळ्या गोळ्या, बाळाचे लंगोट, डोक्याचे केस, चहाचा चोथा, यांतले काहीही मोरीत वा शौचकूपात जाऊ देऊ नका. आर्केटाच्या केंद्रातही औषधे आणि तेल यांच्यापुढे जंतूंचे फारसे चालत नाही. मोरीच्या तोंडाशी आपण उभ्या असतो. पुढे पाण्याला वाटेत आपल्याइतके जवळचे माणूस भेटत नाही.

या गावात मंडळ स्थापन झाले तेव्हा त्या वेळच्या बायका भरतकाम आणि भजन शिकावयास जमत असत. पुढे बालवाडी आली, शिवणवर्ग आला. प्रत्येक वेळी कोणी तरी म्हणालेच असेल की, हे आपले काम नव्हे. गटाराविषयीही कोणी तसे म्हणेल. पण २०१७ साली ते आपण आपले काम मानले होते आणि अर्धेच केले. राहिलेले अर्धे आता करावयाचे आहे.

मुलीचा फोन येतो तेव्हा मी नातीविषयी विचारते, मग तळ्यांविषयी विचारते. ती म्हणते, "आई, तुझे टिळेवाले वारकरी परत आलेत." मला तिला येथले काही सांगता येत नाही. तळ्यावर जलपर्णी आहे, एवढेच सांगता येते. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत निदान अर्ज कोठपर्यंत गेला ते तिला सांगता यावे.

अर्ज दाराशी टेबलावर ठेवला आहे, पेनही आहे. कुंकू लावून झाले की सही करून जावे.